न पुसता काढलेला फोटो

परवा मुलीच्या विज्ञानाच्या मार्गदर्शिकेत कपाशीचं एक पान दिसलं. कडेनं तांबडं पडलेलं, शिरा तेवढ्या हिरव्या. आमच्याकडं या रोगाला लाल्या म्हणतात. पानाशेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवलेली, आणि खाली अगदी बारीक अक्षरात ‘छायाचित्र : भास्कर तायडे’. मी पुस्तक मिटलं. मुलगी म्हणाली, “अम्मी, काय झालं?” मी म्हटलं, “ओळखीचे होते एक सर.”

ओळखीचे होते, एवढंच खरं. तायडे सर मला कधी आवडले नाहीत. पहिल्या दिवशी नाही, माझी नोकरी गेली त्या दिवशी तर नाहीच. माणूस म्हातारा झाला की त्याच्याबद्दल लोक मवाळ बोलायला लागतात. मला ते जमलेलं नाही.

उंद्रीच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. मी कंत्राटी संगणक शिक्षिका, चिखलीहून रोज एस.टी.नं यायची. प्रयोगशाळेत दहा संगणक, त्यातले चार चालणारे, आणि वीज असली तर. सर उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात ती पट्टी आणि एक भिंग. अख्खं गाव ‘मले-तुले’ बोलायचं. हे मात्र शिपायाशीसुद्धा पाठ्यपुस्तकातल्यासारखं बोलत. “कसे आहात सर?” असं मी एकदा सकाळी विचारलं तर म्हणाले, “प्रश्न अपुरा आहे. प्रकृतीनं की मनानं?” पुन्हा मी तो प्रश्न विचारला नाही.

पोरं पान आणत, किडा आणत, कोणी मेलेला सरडा आणी. सर वर न बघता विचारत, “नाव? गाव? तारीख?” या तिन्हींची उत्तरं नसली तर वस्तू खिडकीतून बाहेर. “ज्याला पत्ता नाही तो कचरा,” म्हणायचे. एका पोरीनं चार किलोमीटरवरून ओंजळीत धरून आणलेलं सुगरणीचं घरटं त्यांनी असंच फेकलं, कारण तिला गाव आठवलं पण तारीख आठवली नाही. ती पोरगी रडत माझ्या वर्गात येऊन बसली. सरांना दुपारी जाऊन ते घरटं उचलून आणताना मी पाहिलं. त्यांनी त्याचा फोटो काढला, पट्टी ठेवून. पोरीला मात्र काही बोलले नाहीत.

शाळेतली खिचडी मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकानं चाखून वहीत शेरा लिहायचा असतो. ते काम यांच्याकडं. खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई ताट पुढं करून उभ्या राहायच्या आणि सर एक घास खाऊन लिहायचे, ‘मीठ कमी’. दुसऱ्या दिवशी ‘मीठ किंचित जास्त’. शेवंताबाई अंगानं थोराड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलायला कोणाला न भिणाऱ्या. एकदा म्हणाल्या, “सर, इतक्या वर्सात एक डाव तरी ‘बरी’ लिवा ना.” सरांनी वही मिटली. “बरी म्हणजे किती?”

शेवंताबाईंचा नवरा किसन ग्रामपंचायतीत पाणी सोडायचा. सडपातळ, हसतमुख माणूस. सकाळी व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून निघाला की गल्लीगल्लीतल्या बाया त्याला हाका मारायच्या.

फोटोंचं सगळं प्रकरण पुस्तकातल्या एका बोंडावरून सुरू झालं. सातवीच्या कुठल्याशा पूरक पुस्तकात कापसाच्या बोंडाचं चित्र होतं. सर ते पुस्तक घेऊन थेट माझ्या प्रयोगशाळेत आले. “हे बोंड आपल्याकडचं नाही. पान बघा. हे परदेशातलं आहे. ज्या जिल्ह्यात घरटी कपाशी आहे तिथल्या पोरांना परक्या देशातलं बोंड दाखवतात.”

“त्यांना मोफत तेच मिळालं असेल, सर,” मी म्हटलं.

“मोफत कुठं मिळतं?”

आणि मी सांगितलं. माझी चूक तिथून सुरू होते. इंटरनेटवर एक सार्वजनिक संग्रह आहे, जगभरातले लोक तिथं आपले फोटो ठेवतात आणि कोणीही ते फुकट घेऊ शकतं, असं मी त्यांना दाखवलं. माझ्या हातानं त्यांचं खातं उघडून दिलं. पासवर्ड त्यांनी निवडला तो कपाशीचं शास्त्रीय नाव होतं.

परवान्याच्या अटी मात्र त्यांनी तीन दिवस वाचल्या. एकेक शब्द मला विचारून. फोटो देणाऱ्याला थोडं राखून ठेवता येत होतं: पैसे कमवायला वापरू नका, बदल करू नका, असं म्हणता येत होतं. सरांनी सगळ्यात मोकळा परवाना निवडला. कोणीही वापरावा, कशासाठीही वापरावा, हवा तसा बदलावा. फक्त काढणाऱ्याचं नाव द्यावं.

“सर, बदल करायची मुभा कशाला?” मी विचारलं. “कोणी काही वेडंवाकडं केलं तर?”

“मॅडम, दिलं म्हणजे दिलं. घरी येऊन ‘माझी पाटी कशी वापरता’ विचारणारा माणूस पाटी देतच नाही.”

त्यानंतर चार-पाच वर्षं हा माणूस कॅमेरा घेऊन शिवारात फिरला. चिखलीचे स्टुडिओवाले फोटोवर आडवं आपलं नाव छापायचे. सरांना त्याची चीड होती. लाल्या, मावा, तुडतुडे, काँग्रेस गवत, अमडापूरच्या बाजारातल्या कपाशीच्या गाड्या, लोणारच्या सरोवराकाठची झुडपं, सगळं पट्टी लावून, नाव-गाव-तारखेसह. माणसांचे फोटो ते काढत नसत. लग्नाला बोलावून कोणी कॅमेरा आणायला सांगितलं की जेवायलाही जायचे नाहीत. “माणूस फोटोत खोटं बोलतो. अळी बोलत नाही.”

अळीवरून झालेलं भांडण तर सगळ्या तालुक्याला माहीत आहे. बीटीचं बियाणं आलं तेव्हा दुकानदार सांगायचे, आता बोंडात अळी विसरा. काही वर्षं तसं झालंही. मग एका हंगामात चांगली टपोरी दिसणारी बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. लोक दुकानदाराकडं जात आणि तो म्हणे, फवारणी चुकली, तुमचं बियाणं दुसरीकडचं असेल. सर एका बाजाराच्या दिवशी पिशवीभर बोंडं आणि बियाण्याचं रिकामं पाकीट घेऊन त्याच्या दुकानासमोर बसले. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, दाढीच्या पात्यानं एकेक बोंड चिरलं, अळीशेजारी पट्टी, मागं पाकीट, आणि फोटो. गर्दी जमली. दुकानदार बाहेर आला.

“काऊन बे मास्तर, धंदा बसवाचा हाय का माहा?”

“तुमचा धंदा माझा विषय नाही. अळीची लांबी अकरा मिलिमीटर आहे.”

आठवड्याभरात ते फोटो कुठंकुठं छापून आले. दुकानदार आधी पेढ्याचा पुडा घेऊन शाळेत आला, मग दोन माणसं घेऊन. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून हात जोडले. सर म्हणाले, “फोटो आता माझे नाहीत. लोकांना देऊन झाले. मी काढून टाकले तरी ज्यांनी घेतले त्यांच्याकडं राहणार.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला त्या दिवशी शूरपणाचं वाटलं. नंतर तेच आठवून अंगावर काटा आला.

त्याच हंगामात दिवाळीच्या सुट्टीत शेवंताबाई सरांच्या भावाच्या शेतात कापूस वेचायला गेल्या होत्या. सर तिथं कपाशीच्या तांबड्या पडलेल्या पऱ्हाटीचे फोटो काढत होते. शेवंताबाई कंबर सरळ करायला उभ्या राहिल्या. ओटीत कापूस, डोळ्यांवर हात धरलेला, ऊन तोंडावर म्हणून डोळे बारीक केलेले, कपाळाला घाम. का कोण जाणे, पण या माणसानं तेवढा एक फोटो काढला. पट्टीशिवाय. आणि संग्रहात ठेवला. खाली लिहिलं, ‘कापूस वेचणारी स्त्री, उंद्री शिवार’, आणि तारीख. नाव लिहिलं नाही. पोरांच्या सरड्याचं नाव मागणारा माणूस, दहा वर्षं जिच्या हातची खिचडी चाखली तिचं नाव त्याला लिहावंसं वाटलं नाही.

तो फोटो चांगला होता, हे मला कबूल करावं लागेल. म्हणूनच तो चालला. बाईनं डोळे उन्हामुळं बारीक केलेत हे पाहणाऱ्याला कळत नव्हतं. ती रडते आहे असं वाटायचं. मागं तांबडं शेत. मोठमोठ्या गावच्या वर्तमानपत्रांना त्या दिवसांत कपाशीच्या बातम्यांसाठी असा चेहरा हवाच होता. एकानं खाली लिहिलं ‘संकटातील शेतकरी महिला’, दुसऱ्यानं ‘कर्त्या पुरुषामागे एकटी’. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

कळलं ते असं. खिचडी शिजवणाऱ्या बायांची मानधनासाठी चिखलीला सभा होती. शेवंताबाई गेल्या आणि चौकात त्यांनी स्वतःला पाहिलं. दहा फूट उंच. एका संस्थेचा बॅनर होता, शेतकऱ्यांच्या विधवांना शिलाई मशीन वाटपाचा कार्यक्रम. त्यावर शेवंताबाईंचा चेहरा, आणि कपाळ कोरं. कुंकू संगणकावर पुसून टाकलेलं. गळ्यातली पोतही नव्हती.

त्यांनी बरोबरीच्या बायांना बोलावलं, विळ्यानं दोऱ्या कापल्या, बॅनर गुंडाळला आणि एस.टी.त घालून आणला. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या वेळी त्या शाळेच्या पटांगणात आल्या. मागं किसन, किसनची म्हातारी आई, आणि अर्धं गाव. बॅनर त्यांनी जमिनीवर पसरला. पोरं ओळीतून वाकून बघायला लागली. एका पोरानं मोठ्यानं म्हटलं, “आबे, हे तं आपल्या मावशी!”

“सर, इकडं या,” शेवंताबाई म्हणाल्या.

सर आले. वाकून पाहिलं. बॅनरच्या कोपऱ्यात त्यांचं नाव होतं. संस्थेनं अट पाळली होती.

“हे कोन हाय?”

“तुम्ही.”

“मंग माहं कुकू कुठं हाय?”

सर आणखी वाकले.

“हा माहा मालक,” त्यांनी किसनचा दंड धरून त्याला पुढं ओढलं. “जिता हाय. सकाळी तुमच्या घरी पानी यानंच सोडलं. माही सासू कालपासून जेवली नाई, रातभर देवापुढं बसून होती, पोराले काई होते का म्हनून. तुमी फोटो काढला?”

“हो.”

“मले पुसलं होतं?”

“नाही.”

“मले पुसलं नाई, अन् माहं कुकू पुसलं.”

ते शब्द मी आजही त्यांच्याच आवाजात ऐकते. त्यानंतर कोणताही माणूस हात जोडतो. तायडे सर म्हणाले, “मी जे लिहिलं ते खरं लिहिलं होतं. ‘कापूस वेचणारी स्त्री.’ विधवा हा शब्द माझा नाही. कुंकू मी पुसलेलं नाही.”

“पन पुसाची परवानगी कोनं देली?” गर्दीतून कोणीतरी विचारलं. ते कुठून कळलं होतं कोण जाणे.

“मी,” सर म्हणाले.

मुख्याध्यापक घाबरले होते. त्यांनी ओरडून विचारलं, “इंटरनेटवर हे टाकलं कोणी? शाळेच्या कॉम्प्युटरवरून?”

“मी टाकलं,” सर म्हणाले. “खातं शेख मॅडमनी उघडून दिलं.”

सगळे माझ्याकडं वळले. सरांनी माझ्यावर ढकललं असं मी म्हणणार नाही. त्यांना जे विचारलं त्याचं त्यांनी तंतोतंत उत्तर दिलं, पानाची लांबी सांगावी तसं. पण विचारलं होतं कोणी टाकलं. खातं कोणी उघडलं हे कोणी विचारलं नव्हतं. किसनची आई माझ्याकडं बघून कडाकडा बोटं मोडत होती. मी पाच वर्षं तिच्या सुनेच्या हातचं पाणी पीत होते. पुढच्या महिन्यात माझं कंत्राट पुढं सरकलं नाही. कारण कोणी लेखी दिलं नाही. सरांची नोकरी पक्की होती. त्यांना एक ताकीद मिळाली. मी टेबल आवरून निघाले तेव्हा ते व्हरांड्यात उभे होते. मला वाटलं, आता काही बोलतील. म्हणाले, “चिखलीची गाडी आज उशिरा आहे.”

पुढचं मला किसननं सांगितलं. आमचं पिंजाऱ्याचं दुकान चिखलीत होतं, अब्बा गाद्या-रजया भरत. एका दुपारी दुकानासमोर सरांची मोपेड थांबली. मागून किसन उतरला, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. सर मोपेडवरच बसून राहिले, माझ्याकडं बघितलंही नाही. किसन पाणी प्यायला आत आला.

“म्याडम, शेवंतीनं सरायले सांगतलं, जिथं जिथं हा फोटो लागला तिथं तिथं जाऊन सांगा का किसन जिता हाय. त मी पुरावा म्हनून जाऊन राह्यलो.” तो हसला. “चार जागी झालं. आज त्या बॅनरवाल्याइकडं गेलतो. सर म्हनले, ‘हे किसनराव. यांना बघून घ्या.’ त्या सायबानं मले वरून खालपर्यंत पाह्यलं न म्हने, ‘तुम्हीच लिहून दिलंय ना, कसाही बदला? आम्ही तर तुमचं नावही टाकलं.’”

“मग सर काय म्हणाले?”

“म्हनले, ‘चला किसनराव.’ रस्त्यानं मोपेड दोन डाव बंद पडली, ढकलत आनली.”

बुलडाण्याच्या एका वर्तमानपत्रानं आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा छापला. त्यात किसनचं नाव कृष्णा झालं होतं. सर त्याला घेऊन परत गेले. पुन्हा दोन ओळी छापून आल्या. असं महिनाभर चाललं. शेवंताबाईंनी मात्र त्यांच्यापुढं ताट धरणं सोडलं; चाखायचं ताट त्या ओट्यावर ठेवून आत निघून जायच्या. निवृत्त होईपर्यंत सर ते स्वतः उचलून घेत होते. त्यांनी माफी मागितल्याचं कोणी ऐकलं नाही.

त्यांनी ती मागितली होती, हे मला फार उशिरा कळलं. लग्नानंतर मी जालन्याला आले होते, एका शिकवणीसाठी काही चित्रं हवी होती म्हणून तो संग्रह उघडला आणि राहवेना म्हणून सरांचं नाव टाकलं. शेकडो पानं, अळ्या, गवतं. शेवंताबाईंचा फोटो नव्हता. त्या जागी लिहिलं होतं की चर्चेनंतर चित्र वगळलं. तिथं चित्र काढायचं तर कारण द्यावं लागतं, त्यावर कोणकोण अनोळखी लोक वाद घालतात, आणि चित्र गेलं तरी तो वाद कायम राहतो. सरांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं. लोक म्हणत होते, दिलेलं परत मागता येत नाही, चित्र उपयोगी आहे. सर पुन्हा पुन्हा लिहीत होते. शेवटी लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: ‘या बाईचं नाव शेवंता आहे. ती विधवा नाही. फोटो काढताना मी तिला विचारलं नाही, देतानाही विचारलं नाही. जे माझं नव्हतं ते मी दान केलं. चूक माझी आहे. खातं उघडून देणाऱ्या शिक्षिकेनं मला सावध केलं होतं.’

मी ते दोनदा वाचलं. कोणाला वाटेल, माझा राग तिथं विरघळला. उलट तो वाढला. जगातल्या कोणालाही हे वाचता येत होतं. ज्या दोघींना ते सांगायचं होतं त्यांतल्या एकीला इंग्रजी येत नव्हतं आणि दुसरीला त्यांनी गाडी उशिरा आहे एवढंच सांगितलं होतं.

त्यानंतर एकदाच ते दिसले. निवृत्तीनंतर ते उंद्री सोडून लोणारला राहायला गेले, असं कानावर आलं होतं. लोणारला मावसबहिणीच्या घरी दावत होती. परतताना मी स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट बघत होते. सर बाकाच्या टोकाला उभे, पार वाकलेले, गळ्यात कॅमेरा. समोर एक म्हातारी टोपलीत रानभाजी घेऊन बसली होती. सरांनी तिला काहीतरी विचारलं. तिनं हातानंच नको म्हटलं. सरांनी कॅमेरा पिशवीत ठेवला.

मी जवळ गेले. त्यांनी मला ओळखलं, पण नमस्कार केला नाही.

“वाचलं मी,” मी म्हटलं. “तुम्ही तिथं लिहिलेलं.”

ते म्हणाले, “व्याकरणाच्या चुका आहेत त्यात.”

“शेवंताबाईंना वाचून दाखवलंत?”

“नाही.”

“मग लिहिलं कोणासाठी?”

या माणसाला मी पाच वर्षं रोज पाहिलं होतं. मुख्याध्यापकांना, दुकानदाराला, मला, सगळ्यांना त्यांच्याकडं लगेच उत्तर असायचं. त्या दिवशी त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चांगलं बरं वाटलं.

जालन्याची गाडी लागली. मी चढले, खिडकीशी बसले. ‘येते’ म्हटलं नाही. गाडी मागं येऊन वळत होती तेव्हा सर चौकशीच्या खिडकीशी गेलेले दिसले. आतल्या माणसाला ऐकू जाईना म्हणून ते जाळीला तोंड लावून मोठ्यानं विचारत होते, “चिखलीवरून उंद्रीले जाले गाडी भेटते का? आज भेटते का?” एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली. आतल्या माणसानं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. गाडी स्टँडबाहेर पडली तेव्हा ते चिखलीच्या फलाटावर उभे होते, पिशवी पोटाशी धरून.

गेले की नाही, मी कोणाला विचारलेलं नाही.